ओढ्यात बीव्हर आहे

खोली दाखवताना घरमालकांनी मला आधी खिडकीशी नेलं, खालचा ओढा दाखवला आणि म्हणाले, "बाई, संध्याकाळी पाण्यावर फाटकन आवाज येईल. घाबरायचं नाय. एकदा वाजला म्हणजे धोका, दोनदा वाजला म्हणजे चहा."

मी कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच आले होते आणि पळसदरीच्या अलीकडच्या त्या वाडीत खोली शोधत होते. धोका कसला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण खोलीला स्वतंत्र मोरी होती, आणि स्वतंत्र मोरीसाठी भाडेकरू बरंच काही ऐकून घेतो. मी मान डोलावली आणि सामान आणलं.

पहिल्याच संध्याकाळी आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर घरमालक अर्ध्या चड्डीत, कमरेइतक्या पाण्यात उभे. हातात जुना लाकडी पोळपाट. तो त्यांनी डोक्यावर उचलला आणि पाण्यावर आपटला. थोडं थांबून परत आपटला. घरातून काकूंचा आवाज आला, "ठेवलाय, ठेवलाय." आणि स्टोव्ह पेटल्याचा वास आला. मी शहाण्यासारखी खिडकी लावून घेतली.

वाडीत लहानथोर सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. कर्जतला घाट चढायच्या आधी गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, ती त्यांनी नोकरीभर चालवली. गाडी लोणावळ्याला पोचली की यांचं इंजिन सुटायचं आणि ते रिकामे खाली परत यायचे. पुढे गाडी कुठे गेली, कुणाला घेऊन गेली, याच्याशी त्यांचा संबंध नसे. एवढा जन्म वरखाली करून माणूस निवांत बसला असता. पण निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि सगळा घोटाळा तिथे झाला.

डोळ्यांवर पट्टी होती, टीव्ही बघायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून भाऊ टीव्ही ऐकत. अशाच एका दुपारी बीव्हर नावाच्या प्राण्यावरचा कार्यक्रम लागला. हा प्राणी लांब थंड मुलखात राहतो. दातांनी झाडं पाडतो, फांद्या आणि चिखल रचून ओढ्याला बांध घालतो, त्याच्यामागे पाणी तुंबवतो आणि त्यात घर करून राहतो. धोका दिसला की चपटी शेपटी पाण्यावर आपटून घरच्यांना सावध करतो. आणि मुख्य म्हणजे त्याच्या तुंबलेल्या पाण्याखाली गाळ साचतो, त्या गाळात पानं, फांद्या, मुळं गाडली जातात, आणि हवेत जायचा तो कार्बन तिथेच अडकून पडतो. पट्टी सुटली तेव्हा भाऊंचा निर्णय झालेला होता. आपल्या ओढ्याला बीव्हर नाही ही उणीव होती, आणि ती भरून काढणं कुणाला तरी भाग होतं.

गंमत म्हणजे त्यांनी बीव्हर कधी पाहिलाच नव्हता. पुढे मी एकदा मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांच्या मनातला प्राणी बहुतेक म्हशीएवढा असावा. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढासाच?" त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र जास्तच जोमाने कामाला लागले. एवढासा जीव एवढं करतो, तर आपल्याला लाज वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

भाऊंनी बीव्हरचे नियम लावून घेतले होते. काम फक्त पहाटे आणि तिन्हीसांजेला. कोयता नाही, पहार नाही, सिमेंटच्या गोणीचं तर नावही काढायचं नाही. फांदी हातानेच मोडायची. शाकाहार. हा शेवटचा नियम काकूंच्या जिव्हारी लागला, कारण त्यांच्या घरी सुकटीशिवाय जेवण होत नसे. "माझ्या बापानं मला माणसाच्या घरी दिलं होतं," असं त्या मला भाकरी थापता थापता सांगत. भाऊंचा नियमही तसा पातळच होता. सुका जवळा भाजल्याचा वास आला की ते ओढ्यातून वर येत आणि म्हणत, थंडीत बीव्हर घरातच बसून साठवलेलं खातो, तेव्हा आज चालेल. मे महिन्यातसुद्धा चालायचं.

घरात लाकडाची काडीसुद्धा जाळायला बंदी होती, म्हणून सगळा स्वयंपाक स्टोव्हवर. उदबत्तीवरूनसुद्धा तंटा झाला आणि तो काकूंनी जिंकला. होळीला भाऊ शेजारच्या ढिगासमोर उभे राहून ओरडत की एवढी लाकडं माझ्या ओढ्यात टाका, शेकडो वर्षं राहतील, जाळून काय मिळवता. पण होळीला बोंब मारायची रीतच असल्यामुळे त्यांची खरी बोंब कुणाच्या लक्षात आली नाही. पोरांना वाटलं भाऊ रंगात आलेत.

मला ते रोज संध्याकाळी काठावर बोलावत. मी विज्ञानाची बाई, तेव्हा तपासणी माझ्याकडे. ते पाण्यात हात घालून चिखलाचा गोळा वर काढत, माझ्या नाकाशी धरत आणि वास विचारत. वास सडक्या अंड्याचा यायचा. तसं सांगितलं की खूश होत. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की असा वास आला म्हणजे खाली वारा पोचत नाही, आणि वारा पोचला नाही की कुजणं मंदावतं. यात खोटं काहीच नव्हतं. झाड हवेतला कार्बन घेऊन पान करतं, पान जमिनीवर कुजलं की तो परत हवेत जातो, पाण्याखाली गाळात दबलं की बराच काळ तिथेच राहतो. मी पुस्तकं चाळून खात्री केली होती. तेव्हा मी उत्साहाच्या भरात हेही सांगितलं की अशा चिखलातून थोडा वायू बुडबुड्यांनी बाहेरही पडतो आणि तोही हवेला बरा नाही. भाऊ माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी मोरीच्या दाराबाहेरूनच म्हणाले, "बाई, म्हाताऱ्यानं ढेकर दिला म्हणजे जेवण बाहेर आलं काय?" आणि निघून गेले. मी दात घासत होते.

आता सुदामची गोष्ट सांगायला हवी.

सुदाम भाऊंच्या शेजारचा शेतकरी. भला माणूस, आणि भल्या माणसांपासून भाऊंना कायम त्रास झाला. त्या भागात भाताची रोपं टाकण्याआधी उन्हाळ्यात राब भाजतात. झाडांच्या फांद्या तोडून त्यांच्या पेंढ्या वाळवायच्या, त्यांना कवळं म्हणतात. मग रोपाच्या जागेवर शेण, कवळं, गवत पसरून ते पेटवायचं. तण जळतं, माती भाजते, रोप तरारून येतं. पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय. भाऊंना बांधासाठी फांद्या हव्या होत्या, आणि बांधलेल्या, आयत्या फांद्या म्हणजे कवळं. त्यांनी वाडीतून मिळाली तेवढी गोळा केली आणि स्वतःच्या भाताच्या खाचराशेजारी, जिथे ओढा पसरट होतो, तिथे आडवी रचली. वरच्या धरणाच्या पाझरामुळे हा ओढा उन्हाळ्यातही कोरडा पडत नाही. पाणी तुंबायला लागलं. भाऊ इतके आनंदात होते की भाचीच्या लग्नाला काकूंबरोबर चौक गावी जायला तयार झाले.

इकडे सुदाम ओढ्याला आला आणि त्याला धक्का बसला. राबाची एवढी कवळं पाण्यात भिजत पडलेली. त्याच्या मनात एकच विचार आला. भाऊंचं सगळं आयुष्य इंजिनात गेलं, शेतीतलं त्यांना काय कळतंय, बिचाऱ्यांनी राब चुकीच्या जागी रचला. त्याने घरच्यांना हाक मारली. सगळ्यांनी मिळून बांध उपसला, कवळं उन्हात वाळवली, भाऊंच्या खाचरात नीट पसरली, आपल्या गोठ्यातलं शेण घातलं आणि वारा पडलेला बघून पेटवलं. दोन दिवस राबले बिचारे.

भाऊ लग्नाहून परतले तेव्हा कार्बन आभाळात गेला होता आणि सुदाम बांधावर बसून शाबासकीची वाट बघत होता. "भाऊ, तुमचं काम करून टाकलं," तो म्हणाला. "पाण्यात ठेवलं असतं तर जळलं असतं काय?"

भाऊ घरात गेले, पोळपाट घेऊन आले आणि रिकाम्या ओढ्यात घोट्याइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी तो एकदाच आपटला. धोका. पण तो होऊन गेला होता. त्या साली त्यांच्या खाचरात जशी रोपं आली तशी वाडीत कुणाची आली नाहीत. वर्षभर त्या तांदळाचा भात भाऊंनी खाली मान घालून खाल्ला, आणि सुदाम येता जाता विचारायचा, भात कसा हाय.

त्यानंतर भाऊंनी डोकं लढवलं. वाळलेलं जे असेल ते राब होणार, तेव्हा बांधच हिरवा करायचा. निर्गुंडीची काठी ओल्यात खोचली की फुटते, आणि तिला गुरं तोंड लावत नाहीत. त्यांनी ओढ्यात निर्गुंडीच्या काठ्या दाट खोचल्या, मध्ये करंजाच्या फांद्या विणल्या, चिखल लिंपला. पावसात थोडा वाहून गेला, भाऊंनी परत लिंपला. पुढच्या पावसात मुळं धरली आणि बांध टिकला. मग त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा. पाणी पसरून भाऊंच्या खाचरात शिरलं आणि त्यांनी ते खाचर सोडून दिलं. काकू दोन वेळा माहेरी गेल्या. लव्हाळं उगवलं, बगळे आले, काळा मऊ गाळ चढत गेला. आणि मी, जी पहिल्या दिवशी खिडकी लावून बसले होते, ती संध्याकाळची वाट बघायला लागले. खरं सांगायचं तर त्या वाडीत मला दुसरं कुणी रोज हाक मारून बोलवत नव्हतं.

दातांचा प्रसंग त्याच सुमाराचा. भाऊंचे वरचे दात खोटे होते. तरी एका पहाटे त्यांना वाटलं की जन्मात एकदा तरी फांदी दातांनी तोडून बघावी. करंजाची ओली फांदी निवडली आणि कचकन चावली. फांदी तुटली नाही. दात मात्र तिच्यात रुतले आणि तोंडातून सुटले, तेवढ्यात फांदी हातातून निसटून वाहत गेली. खाली सुदाम गुरं धूत होता. त्याच्यासमोर एक फांदी तरंगत आली आणि तिला दात होते. तो फांदी घेऊन ओरडत वाडीत पळाला. अर्धा दिवस सगळ्या वाडीची खात्री होती की जनावर खरोखरच आलंय. पोरांना ओढ्यावर जायला बंदी झाली. दुपारी भाऊ तोंडावर पंचा धरून सुदामच्या दारात गेले आणि खुणेने फांदी मागून घेतली. सुदामने दिली. काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार.

मग माती उपसायचं मशीन यायचं ठरलं. पावसाआधी ओढा खोल आणि सरळ करायचा, गाळ काढायचा आणि ज्याला हवा त्याने शेतात न्यायचा, असा बेत पंचायतीत शिजत होता. बेत वाईट नव्हता. खालच्या अंगाला दरवर्षी पाणी घरात शिरायचं. पण मशीन ओढ्याच्या खालच्या देवळापासून वर सरकत आलं की त्याच्या वाटेत भाऊंचे बांध होते. आणि गाळ वर काढून उन्हात टाकला की वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं सगळं हळूहळू हवेत जाणार. भाऊ सुकले. मला म्हणाले, बाई, तुम्ही सभेत बोला.

सभा शाळेच्या ओट्यावर भरली. मी सगळं समजावून सांगितलं, पान, गाळ, हवा. मुद्दा चांगला मांडला असं मलाच वाटलं. सुदामने उठून सांगितलं की भाऊंचा गाळ काळाभोर हाय, माझ्या शेतात सोन्यासारखा होईल, मला त्यातला हवा. दोन-चारजणांनी माना डोलावल्या. मग सरपंचबाईंनी मला सरळ प्रश्न विचारला, की बीव्हर म्हणतात तो प्राणी आपल्याकडे खरोखर असतो का. मी शिक्षिका. म्हटलं, नाही, भारतात कुठेच नाही.

"बाई, तुमी भारताचं सांगताय," सरपंचबाई म्हणाल्या. "आमी वाडीचं बोलतोय. कारण जनावर राहत असंल तर तिथं मशीन लावता येत नाय. ओढ्यात बीव्हर हाय का नाय?"

भाऊ उठून उभे राहिले. "हाय," ते म्हणाले.

"कोन?"

"मीच."

ओट्यावर हशा पिकला. भाऊ हसू ओसरेपर्यंत थांबले. मग हळू आवाजात बोलायला लागले, आणि मला त्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो. "जन्मभर गाड्या ढकलल्या मी. वर नेऊन सोडायच्या आन् रिकामं खाली यायचं. एकबी गाडी माझी नव्हती. हा गाळ तेवढा मी जिथं ठेवला, तिथंच ऱ्हायला. त्याला जागेवर ऱ्हाऊ द्या. दुसरं काय मागत नाय मी."

सरपंचबाई ओट्याच्या फरशीकडे बघत बसल्या. आणि सुदाम, ज्याला गाळ हवा होता तो सुदाम, परत उठला. म्हणाला, जनावर हाय. दात मी सोताच्या डोळ्यानं बघितलेत. फांदीत रुतलेले. सगळ्या वाडीनं बघितलेत. विचारा.

साक्ष इतकी भक्कम होती की सभेला ती मानावी लागली. ठरलं असं, की मशीन भाऊंच्या बांधांच्या खालपर्यंत येईल आणि थांबेल. पण सरपंचबाईंनी एक पुस्ती जोडली. जनावर तिथं नांदतं पाहिजे. ज्या दिवशी ओढा मोकळा दिसेल, त्या दिवशी पुढचं बघू. त्या अर्ध्या हसतच बोलल्या, पण त्या वाडीत सभेत बोललेलं हसण्यावारी जात नाही.

भाऊंनी तर ते फारच मनावर घेतलं. लग्नंबिग्नं बंद. लेकीकडे जाणं बंद. ताप असला तरी तिन्हीसांजेला पाण्यात. दर वर्षी मशीनवाला येऊन काठावर बिडी ओढत उभा राही, भाऊ पोळपाट आपटत, आणि तो मशीन वळवून निघून जाई. आपण एका म्हाताऱ्याच्या शेपटीसाठी इथवर येतो, असं तो वाडीत सांगत फिरायचा, पण येताना भाऊंसाठी तंबाखू आणायचा.

मग एका उन्हाळ्यात पायाला काहीतरी लागलं, ती जखम चिघळली आणि भाऊंना पनवेलच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मशीन नेमकं त्याच आठवड्यात देवळापाशी येऊन उभं होतं. मी शाळेतून संध्याकाळी परत आले तर फाटकन आवाज आला. खिडकीतून पाहिलं. काकू लुगडं खोचून मांडीइतक्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी इतकी वर्षं ज्या पोळपाटाच्या नावाने बोटं मोडली, तो त्यांच्या हातात होता. काठावर मशीनवाला उभा होता. त्याने थोडा वेळ पाहिलं, टोपी काढली, परत घातली आणि गेला.

दवाखान्यात भाऊंनी मला पायाचं काही सांगितलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "ओढ्यात कोण हाय?" मी म्हटलं, काकू. ते छताकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानाकडे गेलं. ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. म्हणाले, "तिला सांगा, मासळी सोडावी लागंल."

भाऊ परत आले नाहीत. त्याच वर्षी माझी बदली झाली आणि मीही गेले.

गेल्या हिवाळ्यात काही कामाने कर्जतला आले होते. काम आटोपलं आणि पाय आपोआप वाडीकडे वळले. मनाशी तयारी केली होती की ओढा आता सरळ, स्वच्छ असेल. तिन्हीसांज झाली होती. वळणावर आले आणि तो वास आला, सडक्या अंड्याचा. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. निर्गुंडी डोक्याच्या वर गेली होती. लव्हाळ्यात बगळे बसले होते. आणि मधोमध कमरेइतक्या पाण्यात, उघडाबंब, हातात पोळपाट घेतलेला सुदाम उभा होता. केस पांढरे झाले होते.

मी विचारलं, हे काय. तो अजिबात लाजला नाही. शेताच्या पाण्याला पाळी लावतात तशी वाडीने ओढ्याला लावली होती. काकूंच्याने आता रोज होत नाही, म्हणून घरटी एक दिवस. सरपंचबाईंच्या घराचीसुद्धा पाळी असते. "काय करनार," तो म्हणाला. "सभेत ठरलंय ना. जनावर नांदतं पायजे."

मग त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. म्हैस आज व्यायची आहे, घरी कुणी नाही, तुम्ही जरा थांबाल का, म्हणून विचारलं. माझ्या अंगावर बरी साडी होती, पायात नव्या चपला होत्या. मी चपला काठावर काढल्या. पाणी गार होतं आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत त्या गाळात रुतले, इतका मऊ की खाली जमीन लागेना. सुदामने पोळपाट हातात दिला आणि तो धावत वर गेला.

मी तो उचलला. वाटला होता त्याहून जड निघाला. पाण्यावर आपटला. थोडं थांबून परत आपटला.

वर घरात स्टोव्ह पेटल्याचा आवाज झाला. मग काकू दारात आल्या असाव्यात. त्यांना हल्ली संध्याकाळचं दिसत नाही. तिथूनच त्यांनी हाक घातली, "ओढ्यात कोन हाय गं आज?"

मी म्हटलं, "मीच."